टवका भरला तरी परत परत निघतोय? फरशीचे खड्डे भरण्याआधी हे तपासा

फरशीचा टवका उडाला, हार्डवेअरच्या दुकानातून व्हाईट सिमेंटची पुडी आणली, वाटीत कालवून खड्ड्यात दाबली, दोन दिवस छान दिसलं आणि पुढच्या आठवड्यात केर काढताना तोच तुकडा सुट्टा होऊन सुपलीत आला. मग कोणीतरी एम-सील सुचवतं, ते भरलं की राखाडी ठिपका दिसतो, कडेने हळूहळू काळी रेघ धरते आणि एक दिवस तेही हलायला लागतं. शेवटी मिस्त्री येतो, कमरेवर हात ठेवून बघतो आणि म्हणतो सगळी फरशी काढून नवीन टाका. आमच्या बिल्डिंगमध्ये, माहेरी, सासरच्या जुन्या वाड्यात, सगळीकडे हीच गोष्ट ऐकलीय आणि बघितलीय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा फरशी काढायची काहीच गरज नसते. भरलेला माल परत परत निघतो याचा अर्थ एकतर खालची टाइल पोकळ आहे, नाहीतर भरलेला माल त्या फरशीला धरणाराच नव्हता, नाहीतर खड्ड्यात ओल, धूळ किंवा तेल होतं. यातलं नेमकं काय झालंय ते आधी शोधा, दुकानात नंतर जा.

सगळ्यात आधी ठोकून बघायचं. लाटण्याचं टोक घ्या किंवा जाडसर नाणं घ्या आणि टवका उडालेल्या टाइलवर चारही कोपऱ्यांना, मधे, आणि शेजारच्या टाइल्सवर पण हळू हळू ठोका. भरीव असेल तर टक टक असा कोरडा, बारीक आवाज येतो, पोकळ असेल तर डब डब असा घुमणारा आवाज येतो, एकदा दोन्ही ऐकले की कोणालाही फरक कळतो. पंखा आणि टीव्ही बंद ठेवा तेवढ्यापुरते. जिथे डब डब वाजतं तिथे पेन्सिलीनं गोल करून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे पण हे न करता कितीही महाग फिलर आणला तरी पैसे पाण्यात, कारण पोकळ टाइलवर पाय पडला की ती केसाएवढी का होईना दबते आणि खड्ड्यातला कडक माल काही दबत नाही, तो सुटतो.

टाइल पोकळ राहते कशी हेही समजून घ्या म्हणजे पुढच्या वेळी काम करून घेताना लक्ष ठेवता येईल. बरेच मिस्त्री टाइलच्या पाठीवर मधे मधे मालाचे गोळे ठेवतात आणि टाइल पालथी घालून रबरी हातोडीनं ठोकतात, लेव्हल छान येते, पण कोपऱ्यांपर्यंत माल पोचतच नाही. मग कोपरा अधांतरी. त्यावर वरवंटा पडला किंवा गॅसचा सिलिंडर उतरवताना टेकला, आणि भरलेला सिलिंडर म्हणजे १४.२ किलो गॅस अधिक जवळपास तेवढंच लोखंड, की कोपऱ्याचा टवका गेलाच. दुसरं म्हणजे व्हिट्रिफाइड टाइलची पाठ गुळगुळीत असते, पाणी जवळपास शोषत नाही, शिवाय भट्टीत चिकटू नये म्हणून लावलेली पांढरी पूड पाठीला तशीच असते, ती न पुसता साध्या सिमेंटच्या रबडीवर टाइल बसवली की धरत नाही. टाइल ॲडहेसिव्ह घेऊन दातेरी करणीनं सगळीकडे सारखं पसरवून बसवली तर हा प्रकार फार कमी होतो.

आता पोकळ निघालीच तर काय. एखादाच कोपरा किंवा टाइलचा थोडासा भाग पोकळ असेल आणि टाइल हलत नसेल तर न काढता भरता येते. दोन टाइल्सच्या मधल्या सांध्यात, टाइलला धक्का न लावता, ५-६ मिलिमीटरची दोन भोकं पाडायची, एकातून भरायचं आणि दुसऱ्यातून हवा बाहेर यायला हवी, नाहीतर माल आत जातच नाही. सांधा इतका बारीक असेल की ड्रिल बसत नाही तर चार टाइल्स मिळतात तो कोपरा धरा. आतली धूळ व्हॅक्यूमने ओढून घ्या, मग पातळ, इंजेक्शन ग्रेडचं इपॉक्सी (दोन भाग एकत्र कालवले की कडक होणारा चिकट माल) मोठ्या सिरिंजमध्ये घेऊन अगदी सावकाश सोडा, दुसऱ्या भोकातून वर दिसलं की थांबा, सांडलेलं लगेच पुसा, आणि वर पाण्यानं भरलेले दोन कॅन २४ तास ठेवून द्या. हे बाथरूममध्ये करू नका, तिथे खाली वॉटरप्रूफिंग आहे आणि त्याला भोक पाडलं तर खालच्या मजल्यावरचे काका वर येतील. हॉलमध्ये पण जमिनीखालून वायरिंगचा किंवा पाण्याचा पाइप गेलाय का ते बिल्डरच्या प्लॅनवर किंवा काम केलेल्या माणसाला विचारून खात्री करून घ्या, आणि भोक टाइलच्या जाडीपेक्षा थोडंसंच खाली जाऊ द्या.

टाइल पूर्णच सुटी असेल, म्हणजे पाय ठेवला की हलते किंवा कडेने हवा फुसकते, तर मग काढून परत बसवणं हाच मार्ग. यात एक चांगली बाजू अशी की सुटी टाइल बऱ्याचदा अख्खी निघते. आधी चारही बाजूंचा सांधा ग्राइंडरने किंवा सांधा खरवडायच्या आरीने मोकळा करायचा, हे केल्याशिवाय टाइलला हात लावू द्यायचा नाही, नाहीतर एका टाइलपायी शेजारच्या चारांचे टवके उडतात आणि मिस्त्री म्हणणार टाइलच कच्ची होती. आणि त्याच डिझाइनची जादा टाइल नसेल, दुकानात तर ती आता मिळणारच नाही, तर पलंगाखाली किंवा कपाटाखाली ठोकून बघा, तिथे एखादी पोकळ टाइल सापडली तर ती नीट काढून दर्शनी जागी लावा आणि खराब झालेली पलंगाखाली टाका. नवीन घर करताय त्यांनी चार-पाच टाइल्स माळ्यावर ठेवाच, आणि खोक्यावर शेड आणि बॅचचा नंबर छापलेला असतो त्या भागाचा फोटो काढून ठेवा, एकाच नावाच्या टाइलच्या दोन बॅचमध्ये रंगाचा फरक दिसतो.

एक वेगळा प्रकार आहे तो लवकर ओळखा. टवके कुठेतरी एकटदुकट न उडता दोन टाइल्सच्या सांध्याच्या दोन्ही बाजूंनी, रांगेत, बारीक बारीक उडत असतील, आणि विशेषतः बाल्कनीच्या दाराजवळ जिथे ऊन येतं तिथे, तर काही पडलेलं नाहीये, टाइल्स एकमेकींना ढकलतायत. सांधा दिसायला नको म्हणून आपणच मिस्त्रीला सांगतो अगदी चिकटून बसवा, मग उन्हानं टाइल वाढते, खालचा कोबा वाळताना आक्रसतो आणि कडांना सरकायला जागाच नसते. कधीकधी तर भर दुपारी धाडकन आवाज होऊन टाइल्स तंबूसारख्या वर उचलल्या जातात. अशा ठिकाणी नुसता टवका भरून काहीच होणार नाही. आधी त्या ओळीतला सांधा बारीक ब्लेडने कापून २ मिलिमीटर तरी मोकळा करायचा, भिंतीकडेला स्कर्टिंगखाली टाइल भिंतीला घट्ट टेकली असेल तर तिथेही जागा करायची, सांध्यात थोडं लवचिक पॉलिमर ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा माल, भरायचं आणि मगच कडांचे टवके. उचललेल्या टाइलवर पाय देऊन ती खाली दाबायचा प्रयत्न करू नका, फुटते आणि तुकडे उडतात.

ठोकून बघितलं, टाइल भरीव आहे, तरी माल निघतो? मग मालच चुकलाय. सिमेंट, पांढरं असो की राखाडी, पकडतं ते खालच्या वस्तूच्या बारीक छिद्रांत शिरून. व्हिट्रिफाइड टाइल ०.५ टक्क्यापेक्षाही कमी पाणी शोषते, म्हणजे सिमेंटला शिरायला जागाच नाही, ते नुसतं खड्ड्यात बसून राहतं. वर थर इतका पातळ असतो की सिमेंटला घट्ट व्हायला लागणारं पाणी आधीच उडून जातं आणि हातात पूड उरते. म्हणून व्हिट्रिफाइड आणि ग्लेझ असलेल्या टाइलला इपॉक्सीच. उलट जुनी मोझॅक किंवा कोबा असेल तर तो स्वतःच सिमेंटचा आहे, तिथे सिमेंट उत्तम धरतं. आणि यातली सगळ्यात जास्त होणारी गडबड म्हणजे पाण्याची, सिमेंट भरायचं असेल तर खड्डा आधी ओला करायचा असतो (पाणी साचलेलं नको, नुसता भिजलेला) आणि इपॉक्सी भरायचं असेल तर खड्डा ठणठणीत कोरडा लागतो. लोक इपॉक्सी भरायच्या आधी खड्डा धुतात आणि फडक्यानं पुसून लगेच भरतात, ते निघणारच.

आता व्हिट्रिफाइड टाइलच्या कोपऱ्याचा, समजा शेंगदाण्याएवढा टवका, कसा भरायचा ते नीट सांगते. आधी आधीचं जे काही भरलेलं आहे ते सगळं काढायचं, टोकदार स्क्रू ड्रायव्हरने खरवडून, थोडं घट्ट बसलंय म्हणून ठेवायचं नाही. खड्ड्याची कड जिथे उतरती होत होत शून्य होते तिथे भरलेला माल कागदासारखा पातळ होतो आणि तिथूनच सुटायला सुरुवात होते, त्यामुळे छोट्या रोटरी टूलने किंवा काच कापायच्या हिऱ्याच्या टोकाने कड थोडी उभी करून घ्यायची. मग नुसतं ॲसिटोन कापसावर घेऊन आतून पुसायचं. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात बऱ्याचदा तेलकट पदार्थ घातलेले असतात. स्वयंपाकघरातल्या टाइलला तर दोन-तीनदा पुसा, फोडणीचं तेल कुठे कुठे जाऊन बसतं ते कापसावर दिसतंच. हेअर ड्रायरने दोन-चार मिनिटं वाळवा. खड्ड्याच्या कडेला चारही बाजूंनी मास्किंग टेप लावा.

इपॉक्सी म्हणजे दोन ट्यूबवालं साधं ॲरल्डाइट चालतं, दोन्ही सारखं सारखं घ्यायचं, किंवा फरशीवाल्यांकडे इपॉक्सी ग्राउट मिळतं ज्यात रंगीत पूड असते, ते जास्त बरं कारण ते घासायला कडक असतं. पण ग्राउटचं पाकीट अर्धं वापरायचं असेल तर काट्यावर वजन करूनच घ्या, अंदाजे नाही. रंगासाठी सिमेंटमध्ये घालायचे कोरडे ऑक्साईड रंग आणा, पिवळा, लाल, काळा, आणि पांढऱ्यासाठी झिंक ऑक्साईड किंवा टायटॅनियम डायऑक्साईडची पूड. पाण्याचे रंग किंवा ॲक्रिलिकची ट्यूब त्यात पिळू नका, पाण्यामुळे इपॉक्सी नीट कडक होत नाही. आयव्हरी टाइलला पांढऱ्यात अगदी चिमटीच्या टोकाएवढा पिवळा आणि त्याहून कमी काळा पुरतो, काळा घालताना हात आवरा. टाकाऊ टाइलच्या तुकड्यावर काडीनं सावकाश, पण दोन मिनिटं तरी नीट घोळा, भराभर ढवळलं की बुडबुडे येतात.

भरताना आधी काडीनं खड्ड्याच्या तळाला आणि कडांना घासून एक पातळ थर लावा म्हणजे हवा अडकत नाही, मग उरलेला भरा, टाइलच्या पातळीपेक्षा किंचित वर. आणि मग थांबा. हीच मोक्याची जागा आहे. पूर्ण ओलं असताना सपाट करायला गेलात तर ते खड्ड्यातून ओढलं जातं आणि नंतर मधे खळगा दिसतो, पूर्ण कडक झाल्यावर पॉलिश पेपरने घासायला गेलात तर आजूबाजूच्या टाइलची चकाकी जाते आणि ती काही केल्या परत येत नाही. नख दाबलं की खोडरबरासारखं लागतं, त्या अवस्थेत नवीन ब्लेडचं पातं टाइलला सपाट टेकवून एकाच दिशेनं सरकवा, वरचा जादा भाग कातरल्यासारखा निघतो. ही अवस्था कधी येईल ते हवेवर आहे, मे महिन्यात नागपुरात लवकर येईल, डिसेंबरात नाशिकला संध्याकाळी भरलंत तर सकाळपर्यंत वाट बघावी लागेल. त्यानंतर २४ तास त्यावर पाय नको, पुसणं नको.

यातही अडचणी येतात त्या सांगते. दुसऱ्या दिवशीही चिकट लागतंय, म्हणजे दोन भागांचं प्रमाण चुकलं किंवा नीट घोळलं गेलं नाही, त्यावर वरून हार्डनर लावून काहीही होत नाही, सगळं खरवडून परत करावं लागतं. नुसता वर बोटाला तेलकट थर लागतोय आणि आतून कडक आहे तर ती दमट हवेची करामत, साबणाच्या पाण्यानं पुसलं की जातं. महिन्याभरात पिवळं पडलं तर तिथे ऊन येतंय, साधं इपॉक्सी उन्हात पिवळं होतंच, खिडकीजवळ भरायचं असेल तर रंगाची पूड थोडी जास्त घाला आणि शुभ्र पांढऱ्याचा हट्ट सोडा. मधे खळगा पडला असेल तर दुसरा पातळ थर द्या, पण त्याआधी पहिला बारीक पेपरने, फक्त खड्ड्याच्या आत, खरखरीत करून घ्या.

टाइल कुठल्या प्रकारची त्यावर रंगाचं गणित बदलतं. डबल चार्ज टाइलला वरचा रंगीत थर ३-४ मिलिमीटर असतो, त्यामुळे छोट्या टवक्यात खालीही तोच रंग दिसतो आणि भरणं सोपं जातं, दोन छटा थोड्या अर्धवट मिसळून ठेवल्या तर ठिपक्यांचं टेक्स्चरही जवळपास जुळतं. पण हल्ली मार्बलसारखी दिसणारी जी चकचकीत टाइल सगळीकडे असते, जीव्हीटी (ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड टाइल), तिचं डिझाइन ही वरची छपाई असते आणि त्यावर काचेसारखा पातळ थर, टवका उडाला की खालचा वेगळ्याच रंगाचा भाग उघडा पडतो आणि तो लांबून डोळ्यात भरतो. तिथे मूळ रंग इपॉक्सीत द्या, आणि शिरा असतील तर माल कडक झाल्यावर बारीक ब्रशने रेघ काढून वर पारदर्शक इपॉक्सीचा हलकासा हात. अगदी जवळ बसून बघितलं तर दिसेल, उभ्यानं नाही दिसणार. तेवढं बास आहे.

शहाबादी आणि कोटा फरशीबद्दल मला जरा जास्त लिहायचंय, कारण लोक ती एका खड्ड्यासाठी उखडून टाकतात आणि वर २ बाय २ ची टाइल बसवतात आणि मला खरंच वाईट वाटतं. शहाबादी कर्नाटकातल्या कलबुर्गी भागातून येते, कोटा राजस्थानातून, दोन्ही चुनखडीचे दगड, म्हणजे थरावर थर बसून बनलेले. त्यामुळे त्यांना टाइलसारखा टवका उडत नाही, पापुद्रा सुटतो. आधी एक पसरट खपली निघते, मग तिच्या कडेनं पाणी आत जातं, पुढचा थर सैल होतो आणि तळव्याएवढा उथळ खड्डा तयार होतो. माहेरी मागच्या अंगणाकडच्या पडवीत असा होता, दरवर्षी सिमेंट भरायचे आणि दर पावसाळ्यात निघायचं, कारण बाजूचा सैल पापुद्रा कोणी काढतच नव्हतं, सिमेंट त्या सैल कडेला धरून बसायचं आणि कडच सुटून जायची.

म्हणून दगडाच्या फरशीत पहिलं काम म्हणजे खड्डा मोठा करणं. वाचायला उलटं वाटेल पण छन्नी तिरपी धरून हलक्या हातोडीनं कडेकडेनं ठोकत जायचं आणि जे जे सुटतंय ते सुटू द्यायचं, घट्ट दगड लागेपर्यंत. मग त्याच दगडाची पूड करायची. जुन्या घरात कुठेतरी त्याच फरशीचा तुकडा पडलेला असतोच, मोरीजवळ, गच्चीवर, परसात. तो ग्राइंडरने घासला की बारीक पूड मिळते (मास्क लावा, दगडाची धूळ फुप्फुसाला फार वाईट, आणि लहान मुलांना त्या खोलीतून बाहेर ठेवा). ही पूड इपॉक्सीत घट्ट शिऱ्याइतकी होईपर्यंत घालायची. रंग जुळेल का हे आधीच कळायला एक सोपी गोष्ट करा, फरशीच्या कोरड्या भागावर ओलं बोट फिरवा, ओला दगड जसा गडद दिसतो साधारण तसाच रंग इपॉक्सीत कालवलेल्या पुडीला येतो. तो फारच गडद वाटला तर पुडीत थोडी मार्बलची पांढरी पूड मिसळा. आणि फरशीला पॉलिश किंवा सीलर असेल तर ती मुळातच गडद दिसते, तेव्हा बरोबर जुळतं.

खड्डा खोल असेल, १० मिलिमीटरच्या पुढे, तर सगळा इपॉक्सीने भरू नका, खर्चही वाढतो आणि जाड थर एकदम घातला की तो तापतो, कधी तडकतो. खाली सिमेंट-वाळूचा माल भरा, सात दिवस ओला ठेवा, मग पूर्ण वाळू द्या, आणि वरचे ३-४ मिलिमीटर दगडाच्या पुडीचं इपॉक्सी. दगड टाइलसारखा ग्लेझचा नाही त्यामुळे इथे घासायला हरकत नाही, उलट घासायलाच हवं, १२० नंबर, मग २२०, मग ४०० चा पेपर पाणी घालून, आजूबाजूच्या फरशीत मिसळेपर्यंत. मार्बल पॉलिशवाल्यांकडे पॉलिएस्टरची पुट्टी असते, तीही चालते, पंधरा-वीस मिनिटांत कडक होते, पण तिचं हार्डनर २-३ टक्केच घालायचं असतं, लवकर व्हावं म्हणून जास्त घातलं की ठिसूळ होते आणि रंग बदलतो. बाहेरच्या पडवीत, पावसात भिजणाऱ्या जागी मी पॉलिएस्टर वापरायला सांगणार नाही, इपॉक्सीच.

दगडाला आणि मार्बलला पडणारे सगळेच खड्डे काही पडल्या-आपटल्याचे नसतात हे पण बघा. ओट्याजवळ, मोरीजवळ, देवघरासमोर फरशी खरबरीत झालीय, बारीक बारीक खळगे पडलेत, चमक गेलीय, तर तिथे ॲसिड पोचलंय. चुनखडी आणि मार्बल दोन्ही कॅल्शियम कार्बोनेट, त्यावर लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडून राहिलं तरी ते खातं, आणि बाथरूम साफ करायचं ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर तर बुडबुडे येऊन खातं, डोळ्यादेखत दिसतं. अशा ठिकाणी फिलर भरून उपयोग नाही, खळगे इतके बारीक असतात की धरणार कुठे. घासून पॉलिश करायचं आणि फरशी पुसायचं लिक्विड बदलायचं. कामाला येणाऱ्या मावशींना नीट दाखवून सांगा की हे बाटलीतलं इथे नाही घालायचं, बहुतेक वेळा त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

मोझॅकचं तर सगळ्यात सोपं आहे आणि तरी सगळ्यात जास्त मोझॅकच लोक झाकून टाकतात. १० इंची मोझॅक टाइलमधली एखादी चिप निघाली की चिंचोक्याएवढा खड्डा दिसतो. मार्बल चिप्स अजूनही बिल्डिंग मटेरियलच्या दुकानात मिळतात, पांढऱ्या, काळ्या, हिरवट, तपकिरी. खड्डा साफ करा, भिजवा, व्हाईट सिमेंटमध्ये टाइलच्या जमिनीचा जो रंग असेल तो ऑक्साईड घाला, आधी सिमेंटचं पातळ पाणी ब्रशने आतून लावा, मग माल भरून त्यात चिप्स हातानं बसवा, चिप्स एकमेकींना जवळ आणि थोड्या वर राहू द्या. सात दिवस ओलं फडकं टाकून ठेवा, हे टाळू नका, सिमेंट निघतं ते इथेच. आणि एवढं झाल्यावर ते भाग खरबरीत दिसतात म्हणून लोक नाराज होतात, पण ते घोटाईशिवाय चांगलं दिसणारच नाही. मशीनवाल्याला बोलावून पूर्ण खोलीची घोटाई करून घ्या, जाड दगडापासून बारीक दगडापर्यंत आणि शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडचा हात, मग भरलेला खड्डा शोधावा लागतो. फक्त वरचा चिप्सचा थर साधारण ५-६ मिलिमीटरचाच असतो, प्रत्येक घोटाईत तो थोडा कमी होतो, त्यामुळे मशीनवाल्याला पहिला जाड दगड फार वेळ फिरवू देऊ नका.

ओलीचं राहिलं. तळमजल्यावर, कोकणात, मुंबईत जुन्या चाळींत, खड्ड्याच्या तळाशी पांढरी मिठासारखी पूड दिसत असेल, पुसली तरी आठवड्यात परत येत असेल, तर तो शोरा, जमिनीतलं पाणी वर चढतंय आणि येताना क्षार घेऊन येतंय. त्यावर इपॉक्सी असो की सिमेंट, खालून ढकललं जातं. खात्री करायला दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिक फरशीवर चारही बाजूंनी टेपने बंद करून रात्रभर आणि वर आणखी थोडं, १६ तास तरी ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब आले किंवा खालची फरशी गडद झाली तर ओल खालून आहे. प्लास्टिकच्या वरच्या बाजूला थेंब असतील तर तो पावसाळ्यात फरशीला सुटणारा घाम, हवेतला. खालून ओल असेल तर आधी कारण शोधा, मोरीचा फुटका पाइप, मागच्या भिंतीशी साचणारं पाणी, उलट्या उताराचं अंगण. आणि काहीही असलं तरी भरण्याचं काम दिवाळीनंतर ते मे पर्यंत करा, जुलैमध्ये इपॉक्सी लावून पैसे घालवू नका.

लाकडी फरशीवाल्यांसाठी थोडंसं, कारण इंटरनेटवर एक उपाय सगळीकडे फिरतो, ओलं फडकं ठेवून वर इस्त्री फिरवा, पोचा वर येतो. हा उपाय खरा आहे पण फक्त खऱ्या लाकडाला, म्हणजे आपली अमेरिकेत असलेली मंडळी, त्यांच्या घरात ओकच्या पट्ट्या असतात, तिथे लाकडाचे तंतू दबलेले असतील आणि तुटलेले नसतील तर वाफेनं फुगून वर येतात (वरचं पॉलिश तेवढ्या जागी आधी घासून काढावं लागतं, नाहीतर वाफ आत जात नाही). पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये बेडरूमला जी लाकडी फरशी असते ती बहुतेक लॅमिनेट असते, म्हणजे दाबलेल्या लाकडाच्या भुश्याची पाटी आणि वर छापील कागद, तिला वाफ दिली की ती फुगते आणि फुगलेली परत बसत नाही. लॅमिनेटला कडक मेणाच्या रंगीत कांड्या मिळतात, त्या वितळवून खोक भरायची आणि प्लास्टिकच्या पट्टीनं सपाट करायची. कडा फुगलेल्या असतील तर ती पट्टीच बदलावी लागते, आणि फरशी ओल्या पोछ्यानं पुसणं बंद.

भरून झाल्यावर त्याच जागी परत टवका उडू नये म्हणून काय काय पडतं तेही बघा. आमच्याकडे बघितलंय त्यावरून सांगते, खलबत्ता ओट्यावरून खाली घेताना, नारळ उंबऱ्याऐवजी फरशीवर आपटताना, सिलिंडर फिरवत नेताना आणि लोखंडी कपाट सरकवताना. खलबत्त्याखाली दुमडलेलं गोणपाट, सिलिंडरला चाकांची ट्रॉली, कपाटाच्या आणि पलंगाच्या पायांना जाड फेल्ट. प्लास्टिकच्या टोप्या स्वस्त मिळतात पण त्यात वाळूचा खडा रुतून बसला की तोच चरा पाडतो, त्या दर काही महिन्यांनी काढून बघाव्या लागतात. वॉशिंग मशीनच्या खालची टाइल पोकळ निघाली तर तिथे टवका असो नसो, आधी तीच भरून घ्या, स्पिनच्या वेळी सगळा हादरा त्या चार पायांखालीच जातो.